आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? ट्रॅकवर धावणाऱ्या १९७१ च्या कॅमारोच्या तेलव्यवस्थेचं प्रकरण

जून २०२२. विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेक गावाजवळचा रोड अमेरिका ट्रॅक. दिवसातलं तिसरं सेशन आटोपून मी गाडी पॅडॉकमध्ये लावली. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं, "कॅरोसेलमध्ये तुझा ऑइल प्रेशरचा काटा पडतो, ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. असणार तरी कसं? त्या वळणात माझी नजर सतत उजवीकडे, वळणाच्या शेवटाकडे लागलेली असते. गेज डॅशबोर्डच्या खाली, गिअरच्या दांड्यापाशी. तिकडे बघायला सवड मिळते ती सरळ रस्त्यावर, आणि सरळ रस्त्यावर काटा नेहमी ठणठणीत ६५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास दिसायचा. त्या प्रश्नानंतर इंजिन पूर्ण उघडलं गेलं, एक हिवाळा गॅरेजमध्ये गेला आणि तेलाबद्दलच्या माझ्या काही पक्क्या समजुती मोडल्या. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण जुनी अमेरिकन व्ही-८ घेऊन ट्रॅकवर उतरणारे बरेचजण नेमकी माझीच चूक करताना दिसतात.

गाडी १९७१ ची शेव्हरोले कॅमारो. ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मी शिकागोच्या उपनगरात राहतो, तिथून हा ट्रॅक अडीच तासांवर आहे. इंजिन २०२० च्या हिवाळ्यात नव्यानं बांधलं होतं. तेव्हा क्रँकशाफ्ट, पिस्टन, कॅम, हेड या सगळ्यांवर महिनोन्‌महिने विचार केला. तेलाच्या बाबतीत मात्र एकच निर्णय घेतला, तोही पाच मिनिटांत: हाय व्हॉल्यूम पंप बसवायचा. या पंपाचे गिअर मूळ पंपापेक्षा लांब असतात, १.२ इंचांऐवजी १.५ इंच, त्यामुळे दर फेऱ्याला २५ टक्के जास्त तेल उचललं जातं. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षा, असा माझा सरळ हिशोब होता. पंप मीच आग्रहानं बसवून घेतला. तेलाचं पॅन मात्र मूळचंच राहिलं.

तेल कुठे जातं

या इंजिनाचं तेलाचं पॅन मागच्या बाजूला खोल आहे आणि पुढे उथळ. खोल भागात साधारण ३.८ लिटर तेल राहतं, फिल्टरमध्ये आणखी लिटरभर. पंप मागच्या मेन बेअरिंगच्या टोपीवर बसतो आणि त्याची तेल ओढणारी पिकअप नळी जाळीचं तोंड खाली करून त्या खोलगट भागात सोडलेली असते. पंपाला गती मिळते डिस्ट्रिब्युटरकडून एका उभ्या शाफ्टमधून, म्हणून तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगानं फिरतो.

साध्या रस्त्यासाठी ही रचना उत्तम आहे. सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीसाठी तर त्याहून चांगली, कारण गाडी जोरात पळाली की तेल आपसूक मागे, पिकअपच्या दिशेनंच ढकललं जातं. गडबड होते ती ब्रेक लावल्यावर आणि वळताना.

ग्लासात पाणी घेऊन गाडीत बसा. एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या बलानं गाडी वळली, तर पाण्याची पातळी बरोबर ४५ अंशांनी कलते. ०.७ जीला ती ३५ अंश कलते. हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. १९७१ साली या गाडीवर जे टायर होते, त्यांच्यावर ती ०.७ ते ०.७५ जीच्या पुढे जाणं कठीण होतं. पॅन बनवणाऱ्यांनी त्या काळच्या टायरचा विचार करून पॅन बनवलं, आणि त्या हिशोबानं ते बरोबरच होतं. मी त्याच गाडीला आजचे रुंद, चिकट टायर लावले, पुढे चार पिस्टनचे ब्रेक कॅलिपर बसवले, स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. गाडी एक जी सहज धरू लागली. तेलाच्या दृष्टीनं मी पॅनच १० अंशांनी आणखी तिरकं करून ठेवलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

रोड अमेरिका ४.०४८ मैलांचा आहे, १४ वळणांचा, १९५५ पासूनचा. तेलाचा कस पाहणाऱ्या जागा त्यात दोन. तिसऱ्या वळणानंतरच्या लांब सरळ रस्त्यावरून माझी गाडी ताशी २०० किलोमीटरनं पाचव्या वळणाशी येते आणि तिथे ८० पर्यंत उतरावं लागतं. एक जीनं ब्रेक लावले तरी यात जवळजवळ साडेतीन सेकंद जातात. एवढा वेळ सगळं तेल पुढच्या उथळ भागात चढून बसतं आणि मागची पिकअपची जाळी उघडी पडते. लगेच गाडी डावीकडे वळते, म्हणजे पुढे गेलेलं तेल मागे यायच्या आत उजव्या भिंतीवर चढतं. दुसरी जागा म्हणजे कॅरोसेल, उजवीकडे सतत वळत जाणारं ते भलंमोठं वळण. मला तिथे आठ-नऊ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तेल डाव्या भिंतीला चिकटून उभं असतं.

आता पंप. माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा आणि पंप हवा धरायचा. मोटरचा आवाज एकदम हलका, मोकळा व्हायचा, पाईपातून पाण्याऐवजी फेस आणि गुळण्या. अशा वेळी कुणी पाचच्या जागी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर बसवली, तर विहिरीला पाणी वाढत नाही. झरा तेवढाच राहतो. विहीर फक्त लवकर तळ गाठते. हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आलोय, आणि तरी इंजिनात नेमकं तेच केलं.

इंजिनातला झरा म्हणजे वर गेलेलं तेल खाली परतण्याचा वेग. पंपानं वर पाठवलेलं तेल व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकर आर्मपर्यंत जातं, हेडमध्ये साचतं, तिथल्या भोकांतून आणि मधल्या खोबणीतून ओघळत पॅनमध्ये येतं. काही तेल क्रँकशाफ्टच्या फिरण्यात सापडून दोरीसारखं त्याला गुंडाळून हवेतच फिरत राहतं. ५५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) बराच वेळ गाडी चालली, की चार-पाच लिटरांतलं बरंचसं तेल पॅनच्या बाहेर असतं. मोठा पंप ते आणखी झपाट्यानं बाहेर काढतो. वर त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह नको असलेलं तेल पंपाच्या आतच पुन्हा ओढीच्या बाजूला सोडतो, त्यामुळे तेच तेल फिरून फिरून तापतं.

आकडे काय म्हणाले

गाडीत जीपीएस लॉगर होता. तेलाच्या दाबाचा सेन्सरही त्याला जोडलेला होता. वर्षभर मी त्या लॉगरमध्ये फक्त लॅपची वेळ पाहिली होती. त्या दुपारी पॅडॉकमध्ये लॅपटॉप उघडून पहिल्यांदा दाबाची रेघ काढली आणि पोटात गोळा आला.

पाचव्या वळणाच्या ब्रेकिंगमध्ये दाब ६२ पीएसआयवरून दोन सेकंदांत १४ वर. कॅरोसेलमध्ये पहिले चार सेकंद ५८ वर स्थिर, मग उतरण, आठव्या सेकंदाला २२. तेव्हा इंजिन ४९०० आरपीएमवर होतं. जुना अंदाजी नियम सांगतो, दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हवा. म्हणजे ४९ च्या जागी २२. आणखी एक गोष्ट दिसली, ती मला सगळ्यात बोलकी वाटली. लांब सरळ रस्त्याच्या शेवटाकडेही दाब ६८ वरून ६१ पर्यंत हळूहळू ओसरत होता. तिथे ना ब्रेक, ना वळण. तेल तर मागे, पिकअपपाशीच ढकललं जात होतं. तरी दाब उतरतो, याचा अर्थ पॅनमध्ये तेलच कमी उरलंय आणि जे आहे त्यात हवा मिसळली आहे.

डायलचा काटा हे दाखवत नाही, हेही सांगायला हवं. त्याच्या नळीत तेल आणि हवा असते, तो संथ असतो. लॉगर सेकंदाला २५ वेळा नोंद घेत होता. १४ पर्यंतची ती घसरण काट्यावर फार तर ३५-४० दिसली असती.

त्याच दिवशी शेवटच्या सेशनला मी आणखी एक चूक केली. लिटरभर तेल जादा ओतून दोन लॅप मारले, काय फरक पडतो ते पाहायला. फरक पडला: कॅरोसेलमधली उतरण दोन सेकंद उशिरा सुरू झाली. पण तेलाची पातळी क्रँकपर्यंत आली, तेल घुसळलं गेलं, तापमान १३८ वरून १४४ अंश सेल्सिअस झालं आणि इंजिनातली वाफ जिथे बाहेर पडते त्या ब्रीदरच्या डब्यात अर्धा लिटर तेल जमा झालं. निदान पक्कं झालं हे खरं, पण ते दोन लॅप मी मारायला नको होते. बेअरिंगनं तोवर बरंच सोसलेलं होतं.

घरी आल्यावर फिल्टर कापला. तो हॅक्सॉनं कापायचा नाही, त्याचाच कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कुठला आणि करवतीचा कुठला हे कळत नाही. फिल्टर कापायचं गोल कटर मिळतं. आतला कागद कापून काढला, व्हाइसमध्ये दाबून तेल पिळलं आणि घड्या एकेक करून उन्हात उलगडल्या. तिसऱ्या घडीत चमक दिसली. करड्या रंगाची बारीक पूड, मध्येच तांबूस ठिपके. चुंबक फिरवलं, काही हललं नाही. लोखंड नव्हतं, बेअरिंग होतं.

या बेअरिंगचे शेल तीन थरांचे असतात. पाठीला पोलाद, मध्ये तांबं-शिसं, वर शिसं-कथलाचा अगदी पातळ मऊ थर. करडं म्हणजे वरचा थर गेला, तांबूस म्हणजे मधला उघडा पडला. मी इंजिन उतरवलं.

पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या आठपैकी चार कनेक्टिंग रॉडच्या टोपीकडच्या, म्हणजे खालच्या शेलवर तांबं दिसत होतं. रॉडच्या वरच्या बाजूचे शेल बरे होते. यालाही कारण आहे. स्फोटाचा भार वरच्या शेलवर येतो. पिस्टन वर जाऊन थांबताना त्याला खाली ओढून आणायचा भार टोपीवर येतो, आणि तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो. माझ्या गाडीतली टोपीची बाजू भरधाव वेगात, ब्रेक लावून खालचा गिअर टाकताना, म्हणजे बरोबर तेल नसलेल्या क्षणी सगळ्यात जास्त ताणली जात होती. शेल आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) यांच्यातली फट २.२ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५६ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या आसपास. तेवढ्या जागेतल्या तेलावर सगळं इंजिन तरंगत असतं. मेन बेअरिंग मात्र शाबूत होते आणि क्रँकच्या जर्नलवर ओरखडा नव्हता. मायक्रोमीटरनं मापून घेतले, पॉलिशवर भागलं. आणखी एक-दोन दिवस असेच काढले असते तर क्रँक ग्राइंड करावा लागला असता, नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता.

डिस्ट्रिब्युटरच्या गिअरच्या दातांवरही एका बाजूला घासल्याची चकाकी होती. मोठा पंप फिरवायचा बोजा या गिअरवर येतो. त्या पंपाची ही आणखी एक किंमत.

काय बदललं

क्रम महत्त्वाचा. आधी तेल पिकअपच्या तोंडाशी धरून ठेवायचं, मग क्षणभर ते तिथून सुटलंच तर त्याची सोय करायची, आणि मग तापमानाकडे बघायचं. पंपाचा विचार सगळ्यात शेवटी.

पहिलं पॅन. सर्किट रेसिंगसाठी बनवलेलं, दोन्ही अंगांना पंख फुटल्यासारखं रुंद, फिल्टरसकट जवळजवळ ६.६ लिटरचं. आत पिकअपभोवती पत्र्याची चौकट आणि तिला बिजागरीची छोटी दारं. तेल आत येताना दार उघडतं, बाहेर जाऊ लागलं की मिटतं. गाडी कुठेही झुको, त्या चौकटीत घोटभर तेल अडकून राहतं. एवढी साधी गोष्ट, पण पूर्ण दुरुस्तीत सर्वांत जास्त काम तिनंच केलं.

पॅन निवडताना इंजिनाचं वर्ष पाहावंच लागतं. १९८० च्या आधीच्या ब्लॉकवर डिपस्टिक ड्रायव्हरच्या बाजूला, नंतरच्यांवर दुसरीकडे. १९७४ पर्यंत पुढचं सील पातळ, १९७५ पासून जाड. मागचं मेन सील १९८५ पर्यंत दोन तुकड्यांचं. यातलं एक जरी चुकलं तरी पॅन बसत नाही, किंवा बसतं आणि गळतं. शिवाय गाडी वळवणारा स्टीअरिंगचा आडवा दांडा पॅनला लागत नाही ना, हेही पाहावं लागतं. चाकं दोन्ही टोकांपर्यंत वळवून, पुढचा भाग जॅकवर आणि मग खाली, अशा दोन्ही अवस्थांत मोकळीक पाहून घेतली.

दुसरं पिकअप, आणि इथे माझा अख्खा रविवार गेला. जाळीचं तोंड पॅनच्या तळापासून तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर वर हवं. जास्त जवळ असेल तर ओढीला अडथळा, जास्त वर असेल तर हवा. मोजायचं कसं? मुलांच्या खेळण्यातला मातीचा गोळा जाळीवर चिकटवला, पॅकिंगसकट पॅन लावलं, चार बोल्ट आवळले, पुन्हा काढलं आणि दबलेला गोळा सुरीनं कापून व्हर्नियरनं मापला. ५.१ मिलिमीटर. पॅनच्या पेटीत आलेलंच पिकअप, तरी चार मिलिमीटरचा फरक! नळी पंपात ठोकून बसवताना किंचित फिरली होती. काढली, पुन्हा कोन लावून बसवली, पुन्हा माती, पुन्हा मोजमाप: ९.७. पॅकिंग न लावता मोजलं असतं तर तेवढ्या जाडीचा घोळ पुन्हा झाला असता.

ही नळी पंपात नुसती ठोकलेली असते. इंजिनाच्या थरथरीनं ती सैल पडली की पंप थेट हवा ओढतो. म्हणून तिथे वेल्डिंगचा टाका मारून घेतला. वेल्डिंगच्या आधी पंपातली रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून ठेवावी. उष्णतेनं तिचा ताण जातो आणि मग कमी पडणाऱ्या दाबाचं कारण शोधत तुम्ही महिनाभर हिंडता.

तिसरा पंप. मोठा पंप काढला आणि नेहमीच्या मापाचा, ६० पीएसआयच्या स्प्रिंगचा पंप बसवला. माझ्या बेअरिंगच्या फटी मापात होत्या, एवढं इंजिन तेवढ्या पंपात भागतं. फटी मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या असतील, तेल जास्त वाटांनी बाहेर पडत असेल, तर मोठा पंप हवा. माझ्याकडे तसं काही नव्हतं. पंप फिरवणाऱ्या उभ्या शाफ्टला मूळची नायलॉनची बाही असते, ती उष्णतेनं ठिसूळ होते. तिच्या जागी पोलादी बाहीचा शाफ्ट घेतला. पन्नास डॉलरच्या आतली वस्तू. ती तुटली तर पंप जागीच थांबतो आणि तेलाचा दाब शून्य होतो, म्हणून इथे कंजूषपणा नको.

क्रँकच्या खाली विंडेज ट्रेही बसवला. क्रँकभोवती गरगरणारं तेल तो खरवडून खाली सोडतो आणि खालचं तेल क्रँकपासून वेगळं ठेवतो. ही काही नवी युक्ती नाही. १९६० च्या दशकातल्या झेड/२८ कॅमारोच्या ३०२ घनइंची इंजिनात तो कारखान्यातूनच यायचा, आणि ट्रान्स-अ‍ॅम या शर्यतींच्या मालिकेत १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी मार्क डोनाह्यूनं पेन्स्के संघाच्या कॅमारोवर विजेतेपद मिळवलं होतं. वळणावळणाच्या ट्रॅकवर या इंजिनाला काय लागतं, हे तेव्हाच्या लोकांना पुरेपूर माहीत होतं.

मग आला अ‍ॅक्युम्युलेटर. अ‍ॅल्युमिनियमचं तीन क्वार्टचं, म्हणजे सुमारे २.८ लिटरचं नळकांडं. आत सरकता पिस्टन, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं तेल. इंजिनात दाब असताना तेल आत शिरून हवा दाबतं. दाब पडला की हवा तेच तेल परत इंजिनात लोटते. नळकांडं रिकामं असताना हवेच्या बाजूला सात ते दहा पीएसआय भरून ठेवायची. ओढ बसलेल्या वळणात ते काही सेकंदांची उसनवारी करतं. गाडी सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह उघडला तर बेअरिंगला आधीच तेल मिळतं, हा वेगळा फायदा. इंजिन बंद करताना मात्र दाब असेपर्यंत व्हॉल्व्ह मिटायचा, नाहीतर ते सगळं तेल पॅनमध्ये येतं आणि पुढच्या वेळी डिपस्टिकवर पातळी भलतीच वर दिसते. कोणत्या अवस्थेत पातळी पाहायची हे एकदा ठरवून कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं आहे.

कूलरबद्दल थोडक्यात. थर्मोस्टॅटसह बसवला, ८२ अंशांच्या खाली तेल त्यातून जात नाही. नळ्या डॅश-१० मापाच्या, त्याहून बारीक घेतल्या की त्यातच दाब खर्ची पडतो. ज्या इंजिनात बेअरिंगचा चुरा झाला आहे, तिथे जुना कूलर असेल तर तो टाकून द्यावा, धुऊन तो कधीच पूर्ण साफ होत नाही. माझ्याकडे आधी कूलर नव्हताच, तेवढं बरं झालं.

ड्राय संपचा विचार केला आणि सोडला. त्यात तेल बाहेरच्या टाकीत राहतं, अनेक टप्प्यांचा पंप पॅन सतत कोरडं ठेवतो, हा प्रश्न मुळातूनच मिटतो. शेव्हरोलेनं २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ ला आणि पुढे २०१४ च्या कॅमारो झेड/२८ ला ड्राय संपच दिला. पण माझी गाडी रस्त्यावरही चालते, वर्षातून सात-आठ दिवस ट्रॅकवर. खर्च दुपटीपेक्षा जास्त झाला असता. मला पॅन, पिकअप, पंप, शाफ्ट आणि ट्रे यांना मिळून ७५० डॉलर, अ‍ॅक्युम्युलेटर व त्याच्या नळ्यांना ७००, कूलरला ५०० आणि बेअरिंग, पॅकिंग, पॉलिश यांना ३०० लागले. उतरवणं-चढवणं घरच्या घरी.

इंजिन बसवून झाल्यावर सुरू करण्याआधी तेल चढवायचं असतं. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकात प्रायमिंगचा दांडा सोडायचा आणि ड्रिलनं पंप फिरवायचा. दांड्याला डिस्ट्रिब्युटरसारखी गोल कॉलर हवी. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचं अंग हाच तेलाच्या वाटेचा एक भाग असतो. कॉलर नसेल तर तेल तिथूनच गळून जातं आणि एका बाजूचे लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणारे भाग) कोरडे राहतात. ड्रिल सुरू केलं. पहिले वीस-पंचवीस सेकंद ते रिकामंच गुणगुणत होतं. मग आवाज एकदम जड झाला, मनगटाला ओढ बसली आणि गेज उडी मारून ५५ वर गेला. विहिरीवर पंपानं पाणी धरल्यावर पाईप जसा थरथरतो, अगदी तसंच. मुलगा सॉकेट लावून क्रँक पाव-पाव फेरा फिरवत होता आणि मी टॉर्च धरून सोळाही रॉकरवर तेल येताना मोजत होतो. चौदावा आणि पंधरावा यायला बराच वेळ लागला.

पुन्हा तोच ट्रॅक

मे २०२३. पहिल्या दोन सेशनांत अ‍ॅक्युम्युलेटरचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद ठेवला. नुसत्या पॅननं किती साधलं ते कळायला हवं होतं; सगळं एकदम उघडलं असतं तर श्रेय कुणाला द्यायचं हे कधीच कळलं नसतं. आरपीएम ५२०० च्या खाली ठेवले.

पाचव्या वळणात सर्वांत कमी दाब ४४. आधी तिथे १४ होता. कॅरोसेलमध्ये सात सेकंद ५७ वर स्थिर, शेवटच्या सेकंदात ३८ पर्यंत उतार. लांब सरळ रस्त्यावर मात्र रेघ पट्टीनं ओढल्यासारखी, ६१ वर, शेवटपर्यंत. २० टक्के लहान पंप, आणि तरी दाब टिकतोय. ते पाहून मी लॅपटॉप शेजारच्या गॅरेजमधल्या लोकांनाही दाखवून आलो.

तिसऱ्या सेशनला व्हॉल्व्ह उघडला. कॅरोसेलच्या शेवटी ५१, पाचव्या वळणात ५३. पॅनमधल्या तेलाचं तापमान ११२ अंशांवर थांबलं. डॅशबोर्डवर, स्टीअरिंगच्या अगदी वर, एक मोठा लाल दिवा लावला आहे. इंजिन ३००० च्या वर असताना दाब ४० च्या खाली गेला की तो पेटतो. कारखान्याच्या साध्या दिव्याचा इथे उपयोग नाही, तो पेटेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. दिवसभरात लाल दिवा एकदाही पेटला नाही.

तेलही बदललं. कॅम फ्लॅट टॅपेट आहे, म्हणजे लिफ्टरचा तळ थेट त्यावर घासतो, त्याला जस्त-फॉस्फरसयुक्त अ‍ॅडिटिव्ह पुरेसं लागतं, आणि आजच्या पातळ ग्रेडच्या साध्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं. १५डब्ल्यू-५० चं, हे अ‍ॅडिटिव्ह जास्त असलेलं तेल भरतो आणि दर दोन ट्रॅकदिवसांनी काढतो.

सप्टेंबरमध्ये हंगाम संपल्यावर फिल्टर पुन्हा कापला. तोच कटर, तोच व्हाइस, घड्या उन्हात. करडी पूड नाही, तांबूस ठिपका नाही. पाचव्या घडीत तांदळाच्या कणीएवढा काळा, रबरी तुकडा सापडला. चिमट्यानं उचलून बोटांत चुरगाळून पाहिला: सांधा बुजवायचं सिलिकॉन. पॅनच्या कोपऱ्यात, पुढच्या सीलपाशी, मी ते हात सैल सोडून लावलं होतं; आतल्या बाजूला ओघळलेला भाग सुटून आला. हाच तुकडा मोठा असता तर पिकअपच्या जाळीवर जाऊन बसला असता. या हिवाळ्यात पॅन उतरवून चारही कोपरे खरवडतो आहे, आणि पॅन निघालंच आहे तर दोन नंबरच्या रॉडची टोपी काढून शेलही पाहून घेईन.